चोथा, निवळ आणि साका

माती परीक्षणाच्या अहवालात नत्रापुढे (नायट्रोजन) ‘मध्यम’ लिहिले होते, पालाशापुढे (पोटॅश) ‘भरपूर’ आणि स्फुरदापुढे (फॉस्फरस) आकडा होता ६८. एक किलो मातीत ६८ मिलिग्रॅम, ऑल्सेन पद्धतीने, म्हणजे पिकाला मिळू शकेल तेवढाच मोजलेला. बहुतेक पिकांना वीस-पंचवीस मिळाले तरी पुरते. दादाने कागद वाचला आणि म्हणाला, “चांगलंच झालं की. खताचा एक खर्च वाचला.” मलाही आधी तसेच वाटले. वर्षानुवर्षे शेण घातले, जमीन श्रीमंत झाली, यात वाईट काय?

तो कागद मी घडी घालून ठेवून दिला असता. पण शेताच्या उताराखाली ओढा आहे आणि तो पुढे एका तळ्याला मिळतो. ऊन तापू लागले की त्या तळ्यावर हिरवी साय धरायची. आधी कडेकडेने, मग मधोमध. एका वर्षी सकाळी मासे पोट वर करून तरंगताना दिसले. शेवाळ मरते, तळाशी कुजते, कुजताना पाण्यातला प्राणवायू ओढून घेते आणि मासे गुदमरतात, हे मी वाचलेले होते. ते शेवाळ आपल्या शेतावर पोसले जात असेल, असे मात्र कधी मनात आले नव्हते.

अहवाल समजावून सांगणाऱ्या मृदाशास्त्रज्ञ बाईंनी मला एका तळ्याचा विमानातून काढलेला फोटो दाखवला. कॅनडातल्या ओंटारिओ प्रांतात संशोधनासाठी राखून ठेवलेली तळी आहेत, त्यांतले हे २२६ क्रमांकाचे. १९७३ साली डेव्हिड शिंडलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे तळे मधोमध पडदा लावून दोन भागांत तोडले. एका भागात कार्बन आणि नत्र सोडले, दुसऱ्यात कार्बन, नत्र आणि स्फुरद. फोटोत एक भाग गडद आहे आणि स्फुरद पडलेला भाग हिरवट दुधाळ. मधली रेघ सुरीने कापावी तशी. गोड्या पाण्यात शेवाळाचा हात बहुधा स्फुरदाच्या टंचाईनेच बांधलेला असतो. तो सुटला की शेवाळ थांबत नाही. “तुमच्या मातीचं पोट भरलंय,” बाई म्हणाल्या. “आता ती स्फुरद धरून ठेवत नाही. पाऊस पडला की थोडा विरघळून जातो, थोडा मातीच्या कणांना चिकटून वाहतो.”

त्या रात्री मी वही घेऊन बसले. आमच्याकडे ८० गाई, २० हेक्टर जमीन, त्यावर सगळा चारा. एक गाय दिवसाला साधारण ६० ग्रॅम स्फुरद शेणातून टाकते, म्हणजे गोठ्यातून रोज ४.८ किलो, वर्षाला साडेसतराशे किलो. २० हेक्टरांवर पसरले तर हेक्टरी ८७-८८ किलो. चाऱ्याची दोन पिके मिळून हेक्टरी ४५ किलोच्या आसपास उचलतात. म्हणजे दर वर्षी जितके लागते त्याच्या दुप्पट आम्ही ओतत होतो.

नत्राचा हिशोब मात्र बरोबर बसत होता, आणि म्हणूनच चूक इतकी वर्षे दिसली नाही. शेणपाणी टाकताना आम्ही पिकाच्या हिरवेपणाकडे बघत आलो आणि हिरवेपणा नत्राने येतो. मका साधारण सहा भाग नत्रामागे एक भाग स्फुरद उचलतो. गाईच्या मलमूत्रातही ताजेपणी पाच-सहाला एक असेच प्रमाण असते. पण शेण आणि मूत्र एकत्र आले की शेणातले युरिएज हे विकर (एन्झाइम) मूत्रातल्या युरियाचा काही तासांत अमोनिया करू लागते. गोठ्यात, हौदात, शेतात पसरताना हा अमोनिया उडत राहतो. स्फुरद उडत नाही. शेवटी पिकापर्यंत नत्र अर्धेमुर्धे पोचते आणि स्फुरद पुरेपूर. नत्राची गरज भागवायला जावे तर स्फुरद दुप्पट पडतो. यात आळस किंवा कंजूषपणा नव्हता. शेणखताची ही घडणच आहे.

उपाय म्हणून सगळ्यांनी एकच गोष्ट सांगितली: शेणपाण्याचे घन आणि द्रव असे दोन भाग करा. द्रव जवळच्या शेतात द्या, घन दूर न्या. मूत्रात नत्र आणि पालाश जास्त, स्फुरद जवळजवळ सगळा शेणात, म्हणजे घन वेगळा केला की स्फुरद वेगळा झाला. ऐकायला अगदी सरळ वाटते.

आम्ही स्क्रू प्रेस घेतला. काम उसाच्या चरकासारखेच, दाबून पाणी काढण्याचे. नळीसारखी गोल चाळणी, तिच्यात फिरणारे मळसूत्र आणि तोंडाशी दाब देणारी झडप. शेणपाणी आत जाते, मळसूत्र ते पुढे रेटते, पाणी चाळणीतून खाली पडते आणि झडपेतून चोथा बाहेर येतो. आमची चाळणी पाऊण मिलिमीटर फटींची.

पहिल्या दिवशी चोथा आलाच नाही. झडपेतून पातळ शेणपाणी भसकन बाहेर आले आणि दादाचे पाय भरले. यंत्राच्या तोंडाशी चोथ्याचे बूच बसल्याशिवाय दाब तयार होत नाही, हे आम्हाला माहीत नव्हते. दुसऱ्या दिवशी सुरुवातीला तोंडात कोरडा भुसा ठासून भरला आणि मग यंत्र चालू केले. दहा मिनिटांत चोथा पडू लागला. मुठीत घेऊन दाबला तर हात ओला होत होता, पण थेंब गळत नव्हता. वास जवळपास नाही. रंग भाजलेल्या पोळीसारखा. आम्ही दोघे त्या ढिगाकडे बघत उभे राहिलो. इतकी वर्षे ज्या लगद्यात फावडी मारली, त्यातून हे कोरडे, भुसभुशीत काहीतरी बाहेर येत होते. दादाने घरून सगळ्यांना बोलावून आणले.

महिनाभर कौतुकात गेला. द्रव पंपाने सहज जायचा, नळी तुंबायची नाही, पिकाच्या पानांना शेणाचा लेप बसायचा नाही. पातळ असल्यामुळे तो जमिनीत लवकर मुरायचा. काही कटकटी होत्याच. दावणीची सुतळी मळसूत्राला गुंडाळली जायची. गाईंच्या खुरांबरोबर येणाऱ्या वाळूने चाळणी घासली जात होती, म्हणून शेणपाणी यंत्रात जाण्याआधी वाळू खाली बसावी असा एक छोटा खड्डा करावा लागला. हौदात जुने झालेले शेणपाणी घातले की चोथा कमी यायचा आणि ताजे घातले की जास्त. साठवणीत जाड तंतू कुजून बारीक होतात आणि चाळणीतून निसटतात. तेव्हापासून रोजचे रोज गाळायचे असा नेम केला. धुण्याचे पाणीही निम्म्यावर आणले. आधी खरवडायचे, मग धुवायचे. पाणी जितके कमी, तितके यंत्र चांगले चालते.

मग मी नमुने पाठवले.

शेणपाण्याचा नमुना घेणे हे वाटते तितके सोपे नसते. न ढवळलेल्या हौदात वर तरंग, खाली गाळ, मध्ये पाणी. कुठूनही तांब्या बुडवला तर जे येते ते त्या जागेचे असते, हौदाचे नसते. मी अर्धा तास हौद ढवळायचे, दहा वेगवेगळ्या वेळी एकेक मग घ्यायचे, बादलीत एकत्र करायचे आणि त्यातून एक बाटली भरून गोठवायचे. यंत्राआधीचे शेणपाणी, यंत्रातून आलेला द्रव, चोथा, असे तिन्ही. शिवाय त्या दिवशी किती शेणपाणी गेले आणि किती चोथा निघाला याचे वजन. वजनाशिवाय प्रयोगशाळेच्या आकड्याला अर्थ नाही, हे मी इथे मुद्दाम सांगते. आमच्या चोथ्यात किलोमागे स्फुरद शेणपाण्याहून जास्त होता. नुसते तेवढेच वाचले असते, तर मी पेढे वाटले असते.

हिशोब असा निघाला. दिवसाला ८ टन शेणपाणी, टनामागे ६०० ग्रॅम स्फुरद, म्हणजे ४.८ किलो. चोथा १ टन, त्यात स्फुरद १ किलो. उरलेला ३.८ किलो स्फुरद चाळणीतून खाली पडून द्रवाबरोबर आमच्याच शेतात जात होता. पाचांतला एक भाग आम्ही पकडला होता. नत्रही साधारण तेवढ्याच प्रमाणात चोथ्यात गेले होते, त्यामुळे द्रवातले नत्र-स्फुरदाचे प्रमाण जवळपास पहिल्यासारखेच राहिले. आधी ५.३ ला १, आता ५.५ ला १. ज्या गोष्टीसाठी एवढा खटाटोप केला ती जागची हललीही नव्हती.

मला रडू आले, हे लिहायला संकोच वाटत नाही. यंत्राने फसवले नव्हते. स्क्रू प्रेसमध्ये साधारण १५ ते ३० टक्के स्फुरद घनात जातो, हे नंतर सगळीकडे वाचायला मिळाले. फसले होते ते ‘स्फुरद शेणात असतो’ हे आमचे वाक्य. असतो तो शेणातच, पण तंतूंत नव्हे. तो असतो अगदी बारीक कणांत, त्यांतले बरेचसे केसाच्या जाडीहूनही बारीक. चाळणीच्या फटीतून ते पाण्यासारखे निघून जातात. आम्ही ज्या कोरड्या, देखण्या चोथ्यावर खूश होतो तो मुख्यतः गाईला न पचलेला चारा होता.

त्या निराशेत असतानाच एक वेगळा प्रश्न सुचला आणि तो आधी का सुचला नाही याचे मला आजही वाईट वाटते. हा स्फुरद गोठ्यात येतो कुठून?

चारा आमच्या शेतातला. त्यातला स्फुरद मातीतून उचललेला आणि शेणातून पुन्हा मातीत जाणारा, म्हणजे फेरा. पण पेंड, कोंडा आणि खनिज मिश्रण बाहेरून येत होते. दुधाबरोबर स्फुरद बाहेर जातो लिटरमागे ग्रॅमभरही नाही. बाकी सगळा इथेच साचतो. दर आठवड्याला फाटकातून पोती आत येत होती आणि त्यांतला स्फुरद बाहेर जायचा रस्ताच नव्हता. शेतात साचलेले ते ६८ या पोत्यांतून आले होते.

खाद्य तपासून घेतले. कोरड्या वजनावर स्फुरद ०.५ टक्के निघाला. आमच्या गाईंच्या दुधाला ०.३५ च्या आसपास पुरतो. कोंड्यातच इतका स्फुरद असतो की वरून खनिजातला घालायची गरज नव्हती. रवंथ करणाऱ्या जनावराच्या पोटातले जीवाणू धान्यातला बांधलेला स्फुरद मोकळा करतात, त्यामुळे गाईला तो मिळतो. डुकरांना आणि कोंबड्यांना तसा मिळत नाही, म्हणून त्यांच्या खाद्यात फायटेज हे विकर मिसळतात. आमच्या पशुवैद्यांशी बोलले. आधी ते कां-कूं करत होते, कारण जादा स्फुरद दिला की गाई लवकर गाभ धरतात असा जुना समज आहे. गरज भागल्यावर वरचा स्फुरद देऊन तसा फायदा होत नाही, हे अभ्यासांतून दिसलेले आहे. शेवटी हळूहळू, सहा आठवड्यांत ०.३८ वर आणायचे ठरले. खनिज मिश्रण बदलले, कोंडा कमी केला. दूध तेवढेच राहिले. गाभण राहण्याच्या नोंदी मी वर्षभर डोळ्यांत तेल घालून बघितल्या, काही फरक नाही.

गाय दिवसाला १५ किलो कोरडा चारा-खाद्य खाते. त्यात ०.१२ टक्के कमी म्हणजे गाईमागे १८ ग्रॅम, ८० गाईंमागे रोज १.४ किलो. यंत्र १ किलो पकडत होते. गव्हाणीपाशी केलेल्या बदलाने त्याहून जास्त स्फुरद गोठ्यात यायचाच थांबला, वीज न जाळता. कुणी मला विचारले की सुरुवात कुठून करू, तर मी आता यंत्राचे नाव घेत नाही. खाद्याचा नमुना तपासायला सांगते.

तरी रोज ३.४ किलो उरत होता आणि तो बारीक कणांत होता. त्याला पकडायचे तर कणांचे गठ्ठे व्हायला हवेत. गढूळ पाण्यात तुरटी फिरवली की गाळ खाली बसतो, हे घराघरातले ज्ञान. शेणपाण्यालाही तेच लागू आहे, फक्त शेणपाणी फार हट्टी. काचेच्या सहा बरण्या घेतल्या, प्रत्येकीत एक लिटर द्रव, आणि वेगवेगळ्या मात्रा घालून बघितल्या. तुरटीने फेस इतका आला की बरणी ओसंडली. द्रवातले कार्बोनेट आम्लाने फसफसते. तुरटीतले ॲल्युमिनियम स्फुरदाला असे घट्ट धरते की पुढे पिकालाही तो सहज मिळत नाही, आणि आम्हाला तर तो ज्यांच्या जमिनीत कमी आहे अशांना द्यायचा होता. शिवाय तुरटीत सल्फेट असते आणि बंद हौदात त्याचा विषारी वायू होतो. तुरटी बाद.

मग धनभारित पॉलिॲक्रिलामाइड हे बहुवारिक (पॉलिमर) वापरून बघितले. चिकट, पारदर्शक द्रावण करायचे आणि थेंबाथेंबाने घालून हलकेच ढवळायचे. पाचव्या बरणीत ते झाले. गढूळ तपकिरी द्रवात एकाएकी दाणे दिसू लागले, दाण्यांचे गुठळे झाले, गुठळे खाली बसले आणि वर चहासारखे पारदर्शक पाणी. सहाव्या बरणीत मात्रा जास्त होती, तिथे पुन्हा सगळे गढूळ. म्हणजे कमी चालत नाही आणि जास्तही चालत नाही. जोरात ढवळले की झालेले गुठळेही फुटतात. हे बहुवारिक जमिनीत फार सावकाश कुजते, म्हणून हात आखडता ठेवावा लागतो. आजही मी आठवड्यातून एकदा बरण्या लावते, कारण चारा बदलला, पाऊस आला, धुण्याचे पाणी वाढले की मात्रा बदलते.

आता आमच्याकडे तीन गोष्टी निघतात. चोथा यंत्रातून, साका निवळण टाकीच्या तळाशी, आणि वर निवळ. अपकेंद्री यंत्राने (वेगाने गरगर फिरवून घन वेगळे करणाऱ्या सेंट्रिफ्यूजने) हेच काम रसायनाशिवाय पुष्कळ होते, ६० टक्क्यांच्या पुढे स्फुरद घनात जातो. पण ते यंत्र वीजही तशीच खाते आणि आमच्या आकाराला झेपणारे नव्हते. आमच्या पद्धतीत चोथा आणि साका मिळून ७० टक्के स्फुरद वेगळा होतो, म्हणजे रोज २.४ किलो. निवळीत उरतो एक किलो. नत्र मात्र निवळीत बरेच राहते, त्यातले बहुतेक अमोनियाच्या रूपात, पिकाला लगेच मिळणारे. नत्र-स्फुरदाचे प्रमाण १६ ला १ वर गेले. आता पिकाला नत्र दिले तर स्फुरद हेक्टरी १८ किलो जातो आणि पीक ४५ उचलते. मातीतला साठा पहिल्यांदाच कमी होऊ लागला.

निवळ फवारून द्यायची नाही, हे शिकायला एक हंगाम लागला. अमोनिया हवेत गेला की केलेले सगळे वाया. जमिनीलगत सोडणाऱ्या नळ्या बसवल्या आणि ऊन उतरल्यावर, वारा पडल्यावर द्यायला लागलो. पावसाचे सावट असेल तर देत नाही.

एक प्रसंग सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. जुन्या हौदात वर्षानुवर्षांचा गाळ होता. स्फुरद तळाशी बसतो, म्हणून वरवरचे पाणी उपसून टाकणाऱ्यांना वाटते की आपले स्फुरद कमी आहे. तो असतो, तळाशी वाट बघत. तो गाळ काढायला दादाने हौद ढवळायला घेतला. आमच्याकडे काम करणारा मुलगा काठावर वाकून पंपाची नळी सरळ करत होता. सुरुवातीला कुजक्या अंड्यांचा वास आला. मग वास नाहीसा झाला. मी लांबून बघत होते आणि तो मुलगा बसला, जसा कोणी दमून बसावा तसा. दादा त्याच्याकडे धावला. मी जिवाच्या आकांताने ओरडले, “आत वाकू नकोस, आधी पंप बंद कर.” पंप बंद झाला, वारा होता, दादाने त्याला पाठीमागून काखेत धरून ओढले. मोकळ्या हवेत पंधरा मिनिटांनी तो बोलू लागला. दवाखान्यात नेले. तो बरा आहे.

तो वायू हायड्रोजन सल्फाइड. हवेपेक्षा जड, खड्ड्यात साचतो, आणि प्रमाण वाढले की आधी नाकाची वास घेण्याची शक्तीच मारतो. वास गेला म्हणजे धोका गेला असे वाटते आणि नेमके उलट असते. अशा हौदांत एकाला वाचवायला दुसरा उतरतो आणि दोघेही जातात. चूक आमची होती. मला हे वाचून माहीत होते आणि तरी मी कामाआधी कोणाला सांगितले नव्हते. आता ढवळायच्या दिवशी गाई बाहेर, माणसे वारा येतो त्या बाजूला, काठापासून लांब, आणि हौदात कोणीही, कशासाठीही उतरायचे नाही. वायूमापक कमरेला. हे लिहिताना अजून हात थरथरतो.

दुसरी चूक साधी होती, पण मनाला जास्त लागली. पहिल्या वर्षी चोथ्याचा ढीग उघड्यावर होता, ओढ्याकडच्या कडेला, कारण तिथे जागा होती. पहिल्याच जोराच्या पावसात ढिगाखालून काळपट पाझर निघाला आणि सरळ ओढ्यात. ओढा वाचवण्यासाठी वेगळा केलेला स्फुरद मी स्वतः ओढ्याच्या दाराशी नेऊन ठेवला होता. त्यानंतर फरसबंदी केली, वर पत्रे घातले, पाझर परत हौदात जाईल असा उतार दिला. ओला साका कोरड्या चोथ्यावर ओतायचा आणि ढीग उलथापालथा करायचा. आतली उष्णता ५५ अंशांच्या वर गेली की पाणी उडते, रोगजंतू आणि तणाचे बी मरते. तीन-चार महिन्यांत काळे, हलके, वाहून नेण्याजोगे खत होते. ढीग उलटला नाही आणि आत ओल साचून राहिली तर त्यातून नायट्रस ऑक्साइड हा हवामान तापवणारा वायू निघतो, म्हणून उष्णतामापकाचा दांडा ढिगात कायमचा खोचलेला असतो.

आणि ते खत गेले पाहिजे. हे मला सगळ्यांत उशिरा कळले. घन-द्रव वेगळे केल्याने स्फुरदाचा एक कणही नाहीसा होत नाही. तो फक्त उचलता येईल अशा रूपात येतो. शेणपाणी ट्रॉलीतून दूर नेणे म्हणजे मुख्यतः पाणी ओढणे. खत नेणे परवडते. पण ते कोपऱ्यात पडून राहिले किंवा सवयीने पुन्हा आपल्याच शेतात पसरले तर यंत्र, टाकी, बरण्या, सगळे व्यर्थ. अनेक गोठ्यांवर मी हेच बघितले आहे. देखणे यंत्र, शेजारी चोथ्याचा डोंगर, आणि डोंगर सावकाश त्याच मातीत परत जातो आहे.

आम्ही धान्य पिकवणारा एक शेतकरी शोधला. त्याच्याकडे जनावरे नाहीत, माती परीक्षणात स्फुरद ९ आला होता. तो आधी तयार नव्हता. त्याला तण वाढेल याची भीती वाटत होती. एका तुकड्यात घालून बघ म्हणाले. बघितले त्याने, आणि पुढच्या हंगामाआधी त्याचाच निरोप आला. आता आम्ही त्याला खत देतो, तो आम्हाला भुसा देतो. त्याचे धान्य दळले जाते, त्यातला काही कोंडा फिरून आमच्याच गव्हाणीत येत असेल. तसे असेल तर फेरा थोडासा तरी जुळला.

तीन वर्षांनी माती पुन्हा तपासली. ६८ चे ६४ झाले. बाईंनी आधीच सांगितले होते की मातीत साठलेला स्फुरद सावकाश निघतो, घाई करू नका. दादा म्हणाला, “चारच?” मी म्हटले, “दादा, चार खाली. आतापर्यंत वरच जात होते.”

तळे अजून हिरवे होते. तळाच्या चिखलात साठलेला स्फुरद, खाली प्राणवायू संपला की, लोखंडाची पकड सोडून पुन्हा पाण्यात येतो, आणि हे वर्षानुवर्षे चालू राहते. यंदा साय पंधरा दिवस उशिरा धरली असे मला वाटते, पण पाऊसही वेगळा होता, म्हणून मी ते वहीत पेन्सिलने लिहिले आहे. मेलेले मासे या वर्षी दिसले नाहीत, हे पेनाने.

काल खताची या हंगामातली चौदावी ट्रॉली गेली. फाटकाशी वजन केले, दहा ठिकाणचे मूठ-मूठ खत बादलीत घेऊन नमुन्याची पिशवी भरली, तारीख लिहिली. दादा ट्रॉलीवर ताडपत्री बांधत होता आणि तो मुलगा दुसऱ्या बाजूने दोर ओढत होता.